अकारान्त नाना

समोरचा माणूस काय म्हणतो यात ज्यांना काडीचा रस नसतो, पण तो ते कसं म्हणतो यावरून जीव ओवाळून टाकायची ज्यांची तयारी असते, अशा माणसांची एक जात आहे. प्रत्येक सोसायटीत एक तरी सापडतोच. कुणी ‘न’ आणि ‘ण’च्या सीमेवर पहारा देतो, कुणी हॉटेलच्या पाटीवरचे ऱ्हस्व-दीर्घ तपासून मगच मिसळ मागवतो. या जातीतला सगळ्यात निरुपद्रवी, आणि म्हणूनच सगळ्यात असह्य नमुना म्हणजे एकाच स्वराचा भक्त. त्याला आपण नाना म्हणू. त्याला ते आवडणार नाही. ‘नाना’ हे नाव आकारान्त आणि त्याचा जीव अकारावर.

‘आ’ नव्हे, ‘अ’. ‘आ’ला जबडा खाली न्यावा लागतो, ‘ई’ला जीभ पुढे चढवावी लागते, ‘ऊ’ला ओठांचा चंबू करावा लागतो. ‘अ’ला काही म्हणजे काही लागत नाही. जीभ ना वर ना खाली, ना पुढे ना मागे. ओठ ना गोल ना ताणलेले. जांभई द्यायचा बेत ऐन वेळी रहित केला की तोंडातून जे निघतं ते ‘अ’. ध्वनिविज्ञानाच्या पुस्तकांत त्याला ‘श्वा’ म्हणतात आणि स्वरांच्या आकृतीत बरोब्बर मधोमध बसवतात. नानांची हयात सरकारी कचेरीत गेली. काहीही न करता सर्वत्र हजर राहणाऱ्या घटकाबद्दल त्यांना पहिल्यापासूनच आदर. शिवाय गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी अक्षरांमधला अकार मी आहे असं सांगितलेलं असल्यामुळे वरिष्ठांची मंजुरीही आहे.

या भक्तीचा त्रास शेजाऱ्यांना होतो. डोंबिवलीत आमच्या इमारतीत भरदुपारी चोर शिरला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीतून ओरडल्या, ‘‘पकडा! पकडा!’’ चोर जिन्यातून नानांच्या शेजारून गेला. नाना जागचे हलले नाहीत. चोर गेटाबाहेर पडल्यावर प्रसन्न चेहऱ्याने वर बघून म्हणाले, ‘‘वहिनी, ऐकलंत का? लिहितो प-क-डा, पण तुम्ही ‘पक्डा’ म्हणालात! घाबरलेला माणूससुद्धा ‘क’मधला अ बरोबर गाळतो, बघा!’’ वहिनींचं मिक्सरचं भांडं गेलं होतं. त्या जे बोलल्या त्यातला एकही स्वर गाळलेला नव्हता.

मराठी माणूस अ गाळतो हे मात्र खरं. ‘राम’ लिहितो आणि ‘राम्’ म्हणतो. ‘भाकरी’ लिहितो, ‘भाक्री’ खातो. चटणीची ‘चट्णी’ होते. ‘कळस’ म्हणताना ‘ळ’मधला अ जिवंत असतो, पण ‘कळसाला’ म्हटलं की ‘स’ला आ मिळतो आणि मागचा अ उठून गेलेला असतो. आणि हे कुणी शिकवलेलं नसतं. बालवाडीतलं पोर ते बिनचूक करतं, आणि ज्याने व्याकरणात पदवी घेतली त्याला विचारलं तर तो आधी ‘मी असं म्हणतच नाही’ म्हणतो. ‘कुत्रा’ हे जोडाक्षराने लिहायचं आणि ‘सासरा’ सुटं, वास्तविक दोघांचा उच्चार एकाच वळणाचा, यावर नाना तासभर बोलू शकतात. ते त्यांनी एकदा स्वतःच्या सासऱ्यांसमोरच बोलून दाखवलं होतं. तेव्हापासून त्या घरी जाणं कमी झालं.

पण गाळलेला अ जातो कुठे? नानांच्या मते तो वाया जात नाही. रिक्षावाला ‘सिग्नल’चा ‘सिगनल’ करतो, आजी ‘प्रसादा’ला ‘परसाद’ म्हणते, ‘मंत्रा’चा ‘मंतर’ होतो, ‘फिल्म’ची ‘फिलम’. व्याकरणात याला स्वरभक्ती म्हणतात. सासऱ्याकडून काढलेला अ सिग्नलला दिला, म्हणजे किराणा दुकानदाराच्या वहीसारखा महाराष्ट्राचा जमाखर्च जुळला, असं नानांचं अर्थशास्त्र आहे.

देवनागरीवर त्यांचा राग याच मुद्द्यावरून. बाकी प्रत्येक स्वराला काना, मात्रा, वेलांटी, काहीतरी आहे. अ मात्र अक्षराच्या पोटात फुकट. तो आहे हे दाखवायला चिन्ह नाही. नाही हे दाखवायचं असेल तर अक्षराचा पाय मोडायचा. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत नानांनी उच्चाराप्रमाणे सगळ्या नावांचे पाय मोडायला लावले. छापखानेवाल्याने दोन प्रुफं काढली, तिसऱ्या वेळी तो हात जोडून म्हणाला, ‘‘नाना, मंगलकार्य आहे. इतके पाय मोडलेले बरे दिसत नाहीत.’’ पत्रिका सुटली. दारावरची पाटी सुटली नाही. आडनाव ‘कर’ने संपणारं, त्यातल्या ‘र’चा पाय तिथे आजही मोडलेला आहे. नवा दूधवाला आला की पहिल्या दिवशी न चुकता विचारतो, ‘‘काका, पाटीवर चरा पडलाय का?’’

नानांना कोंडीत पकडायचं म्हणून एकदा कुणीतरी म्हणालं, एवढ्याशा स्वराचं शास्त्रकारांना काय पडलंय. ती चूक फार महागात पडली, कारण नानांकडे पाणिनी आहे. अष्टाध्यायीत सुमारे ४००० सूत्रं, आणि त्यातलं अगदी शेवटचं सूत्र म्हणजे नुसता अ आणि पुन्हा एक अ. बस्स. त्याचं असं की अ आणि आ मिळून आ होतो, ‘हिम’ आणि ‘आलय’ मिळून ‘हिमालय’ होतो, हे सांगायचं तर दोघांना एकाच घराण्यातले, सवर्ण, धरावं लागतं. पण आ उघड्या तोंडाचा, विवृत. आणि अ मिटत्या तोंडाचा, संवृत. मग पाणिनीने ग्रंथभर अ विवृतच आहे असं धरून काम भागवलं, आणि सगळं आटोपल्यावर शेवटच्या सूत्रात विवृत अ परत घेऊन त्या जागी संवृत अ ठेवला. ‘‘संपूर्ण ग्रंथभर सोयीची थाप, आणि निघताना लेखी कबुली!’’ नाना म्हणतात. ‘‘आमच्या कचेरीत कुणाचं एवढं धाडस झालं नाही. आमच्या थापा फायलीतच निवृत्त झाल्या.’’

परदेशातल्या पंडितांबद्दल त्यांचं मत इतकं बरं नाही. ‘श्वा’ हे नाव हिब्रूतून आलं. तिथे अक्षराखाली एकाखाली एक अशी दोन टिंबं देतात, त्याला ते म्हणतात. पण आजच्या हिब्रूत त्या टिंबांचा उच्चार एक तर होतच नाही, किंवा झालाच तर ‘ए’सारखा होतो. म्हणजे ज्यांनी नाव दिलं त्यांच्याकडे मालच नाही. मग १८२१ साली श्मेलर नावाच्या जर्मन विद्वानाने बव्हेरियातल्या बोलींवर ग्रंथ लिहिताना या आवाजासाठी इंग्रजी ‘ई’चं लहान अक्षर उलटं करून वापरलं. खिळे जुळवणाऱ्याला नवा खिळा ओतायला नको, हातातला फिरवला की झालं. पुढे १८८६ मध्ये पॅरिसला ध्वनिशास्त्र्यांची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, तिच्या लिपीत हेच चिन्ह पक्कं झालं. इथवर ठीक. पण अझरबैजानने १९९२ साली आपल्या लिपीत हाच उलटा ‘ई’ घेतला, आणि उच्चार ठेवला आपल्या ‘बँके’तल्या ॲसारखा! ती बातमी नानांना फार उशिरा कळली, पण कळल्या दिवशी ते जेवले नाहीत. काकूंनी विचारलं, ‘‘अहो, कोण गेलं?’’

(‘अहो’मधला अ हा मराठी संसारातला सर्वाधिक वापरलेला श्वा आहे, असं नानांचं म्हणणं. काकूंचं म्हणणं, वापरून वापरून झिजला.)

देशोदेशींच्या अकारांची त्यांनी ओळख ठेवलेली आहे, नातेवाइकांची ठेवतात तशी नव्हे, त्याहून बरी. बल्गेरियावर विशेष लोभ. रशियन लिपीत जे चिन्ह मुकं असतं तेच बल्गेरियन लोक या स्वराला देतात, आणि देशाच्या नावातला पहिलाच स्वर तो आहे. ‘‘आपण ‘ब’ लिहून मोकळे होतो आणि उच्चार जवळजवळ बरोबर येतो. कुठल्याही परराष्ट्र खात्याला जमलं नाही ते आपल्या बाराखडीने केलं.’’ रुमानियन लोक ‘ए’च्या डोक्यावर वाटी ठेवतात. अल्बेनियन लोक ‘ई’वर दोन टिंबं देतात. आर्मेनियन वर्णमालेत त्याला चक्क स्वतंत्र आठवी जागा आहे. इंडोनेशियात मात्र ‘ए’ आणि ‘अ’ दोघांना एकच अक्षर. त्यामुळे तिथे ‘आपल्’ म्हटलं तर सफरचंद आणि ‘आपेल्’ म्हटलं तर हजेरीची कवायत, पण लिहायचं दोन्ही सारखंच. फौजेतल्या एखाद्या जवानाला नोटीस वाचून फळ मिळेल असं वाटत असणार, या कल्पनेने नाना हळवे होतात.

प्रवास त्यांनी फारसा केला नाही. गरजही पडली नाही. देश त्यांच्याच इमारतीत राहतो. पहिल्या मजल्यावरच्या बंगाली बाई ‘जल’ला ‘जॉल’ म्हणतात आणि ‘मन’चं ‘मोन’ करतात, कारण बंगालीत हाच अ गोल होऊन बसला आहे. नळदुरुस्तीला येणारा ओडिया मुलगा ‘जगन्नाथ’ म्हणताना शेवटचा स्वरसुद्धा सोडत नाही, ‘जॉगॉन्नाथॉ’ असा पुरा उच्चार करतो. नाना त्याच्याकडून देवाचं नाव इतक्यांदा वदवून घेतात की मुलाला वाटतं हे घर फार धार्मिक आहे. तो नळाचे पैसे कमी घेतो. मल्याळी परिचारिका शब्दाच्या शेवटी एक अर्धवट, आखूड स्वर सोडते, त्याला त्यांच्या व्याकरणात संवृतोकार म्हणतात. ‘संवृत’ हा शब्द ऐकून नानांचा रक्तदाब वाढला. ती तोच मोजायला आली होती.

सोसायटीच्या आवारात योगाचा वर्ग सुरू झाला तेव्हा तर मोठाच प्रसंग उद्भवला. फलकावर ‘योगा’ लिहिलेलं पाहून एक निवृत्त हेडमास्तर भडकले. ‘‘योगा काय! योग म्हणा, योग! साहेबाने बिघडवलेलं कशाला उचलता?’’ सगळ्यांना वाटलं, नाना मास्तरांची बाजू घेणार. नाना पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘मास्तर, तुम्ही ‘योग्’ म्हणालात. संस्कृतात शेवटी अ आहे, तो तुम्ही केव्हाच गिळलात. इंग्रज त्याच्या भाषेत म्हणतो तेव्हा शेवटी चांगला श्वा ठेवतो, आ नाही. म्हणजे निम्म्या शब्दापुरता तोच शुद्ध.’’ मास्तर लाल झाले. नाना मग फलक लिहिणाऱ्याकडे वळले, ‘‘आणि तू साहेबाचं स्पेलिंग पाहून आ लिहिलास, तू तर दोन्हीकडून गेलास.’’ आता सकाळी सहाला एक वर्ग भरतो, सातला दुसरा, आणि दोन्ही वर्गांत नानांना बंदी आहे.

इंग्रजीच्या शिकवणीचंही तसंच झालं. इमारतीतल्या मुलांना त्यांनी हौसेने सांगितलं की ए, ई, आय, ओ, यू ही पाच अक्षरं फक्त कागदावर वेगळी. जोर दुसरीकडे पडला की पाचही मुकाट्याने अ म्हणतात. ‘अबाउट’चा पहिला, ‘टेकन’चा दुसरा, ‘पेन्सिल’चा, ‘लेमन’चा, ‘सर्कस’चा, पाची ठिकाणी स्पेलिंग निराळं आणि आवाज एक. आणि ‘सर्कस’, ‘लेमन’ हे आपण मराठीत लिहितोसुद्धा तसेच. शास्त्र बिनचूक होतं. एका मुलाने परीक्षेत ‘इंग्रजीत स्वर किती?’ याचं उत्तर ‘घाई असेल तर एक’ असं लिहिलं. पालक वर आले. त्यांचं बोलणं नानांनी टेप केलं.

हो, टेप. हे सांगायचं राहिलं. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत नानांच्या कॅसेटी आहेत. नुसत्या अकारांच्या. गावोगावच्या नातेवाइकांचे, कंडक्टरांचे, फेरीवाल्यांचे. गाणी होती त्या कॅसेटीसुद्धा पुसून त्यांवर अ भरलेला आहे. काकूंच्या माहेरून आलेल्या नाट्यगीतांच्या कॅसेटीवर आता एक गृहस्थ सावकाश ‘कमळ, कमळाला, कमळावर’ म्हणतात. काकूंनी ते अजून माफ केलेलं नाही. नानांची बाजू अशी की संगीत त्यांच्या पक्षाचं नाहीच. गवई ताना घेतो त्या आकारात, अकारात नाही, आणि ‘अ’वर रियाज केलेला माणूस त्यांनी पाहिलेला नाही.

एकदा तर त्यांनी काकूंची सोन्याची साखळी मागितली. लंडनच्या डॅनियल जोन्स यांनी, ज्यांचा इंग्रजी उच्चारांचा कोश १९१७ साली निघाला त्यांनी, जिभेवर शिशाची बारीक साखळी ठेवून स्वर म्हणताना क्ष-किरणांचे फोटो काढवले होते. साखळीमुळे जिभेचा उंचवटा फोटोत दिसतो. नानांना स्वतःच्या अकाराचा फोटो हवा होता. ‘‘शिसं विषारी, सोनं चालेल,’’ ते म्हणाले. काकू म्हणाल्या, ‘‘ती गिळलीत तर मला दोन्ही बाजूंनी वाट बघावी लागेल.’’

काकूंना हा प्रकार काय आहे ते ठाऊक आहे. ‘ती फुलराणी’ त्यांनी लग्नाआधी पाहिलं होतं. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी केलेलं ते नाटक १९७५ साली रंगभूमीवर आलं. त्यातला उच्चारतज्ज्ञ प्राध्यापक काकूंना तेव्हा फार रुबाबदार वाटला होता. ‘‘त्याचा परिणाम,’’ असं त्या नानांकडे बोट दाखवून सांगतात. नानांना त्या नाटकातलं एवढंच लक्षात आहे की मूळ इंग्रजी नाटक, सगळं इंग्रजी उच्चारांवरचं, १९१३ साली पहिल्यांदा झालं ते व्हिएन्नात आणि जर्मनमध्ये.

नातू अमेरिकेत असतो. दर रविवारी व्हिडिओ कॉल. तो ‘आजोबा’ म्हणतो तेव्हा इंग्रजीच्या सवयीने मधल्या ‘जो’वर जोर देतो, त्यामुळे पुढचा आणि मागचा असे दोन्ही आ पडतात, आणि ऐकू येतं ‘अजोब’, शेवटचा अ जरा रेंगाळलेला. सूनबाईला वाईट वाटतं, मुलाचं मराठी बिघडलं म्हणून. नानांचे डोळे भरून येतात. सबंध खानदानात त्यांच्या नावाने दोन अकार खर्च करणारा हा पहिलाच.

शासनाने २००९ साली ॲ आणि ऑ यांना मराठी वर्णमालेत रीतसर जागा दिली, तेव्हा नानांनी एक अर्ज केला. मराठीत एक लांब अ आहे, त्यालाही अक्षर द्यावं. ‘केलं’, ‘झालं’, ‘मोठं’ म्हणताना शेवटी जो येतो तो. लिहिताना ‘केले’, बोलताना ‘केलं’, आणि त्या टिंबाचा नाकाशी संबंध नाही. शेवटी असूनही हा अ गाळलेला नाही, उलट चांगला लांबवलेला आहे, याची ती पावती आहे. मला हा मुद्दा खरोखरच भारी वाटतो; दिवसातून शंभरदा जो आवाज आपण काढतो त्याला आपण उसनं टिंब देऊन भागवतो. अर्जाला उत्तर आलं: ‘आपले पत्र मिळाले.’ नानांनी लाल शाईने ‘मिळालं’ करून परत पाठवलं.

परवा त्यांची दाढ काढली. खालचा जबडा बधिर, निम्मी जीभ बधिर, आणि दातांत कापसाचा बोळा. दंतवैद्याने बजावलं, अर्धा तास तोंड उघडायचं नाही आणि बोलायचं नाही. दुसरी अट कोण पाळणार! बोळा चावून धरल्यामुळे जबडा खाली जाईना, जीभ वर चढेना, ओठ गोल होईनात, आणि नाना काहीही म्हणाले तरी स्वर एकच निघू लागला. रिक्षावाल्याला म्हणाले, ‘‘रमनगर.’’ ‘‘रामनगर ना? बसा,’’ तो म्हणाला. त्याला काही वावगं वाटलंच नाही. नानांनी काकूंचा हात दाबला. जन्मभर जे सांगत होते ते आज रोकडं सिद्ध झालं होतं: व्यंजनं जागेवर असली की बाकी सगळं अ सांभाळून नेतो. घरी येईपर्यंत ते अखंड बोलत होते आणि काकूंना बहुतेक सगळं कळत होतं.

काकू अशा वेळी गाफील राहणाऱ्यांतल्या नव्हेत. चहा टाकता टाकता म्हणाल्या, ‘‘अहो, माळ्यावरची ती ट्रंक भंगारवाल्याला देऊन टाकू का?’’

नाना ताडकन उठले. ‘‘नक!’’

‘‘नक्की?’’

‘‘नक! नक, नक!’’

‘‘अहो, कळलं, नक्की. तीन-तीनदा कशाला?’’ आणि त्यांनी गॅलरीतून हाक मारली. भंगारवाला काटा घेऊन वर आला, ट्रंक खाली आली, झाकण उघडलं, आणि त्याने पहिली कॅसेट उचलून नखाने टिचकी मारली, तेव्हा नानांनी कापसाचा बोळा थुंकून टाकला आणि असा खणखणीत, ओठ पुरते गोल केलेला ‘ओ’ काढला की खालच्या मजल्यावरच्या बंगाली बाई दार उघडून बाहेर आल्या. ‘‘नकोऽऽ!’’

‘‘येतो की चांगला ‘ओ’,’’ काकू म्हणाल्या आणि चहा गाळायला आत गेल्या.

भंगारवाला कॅसेट ठेवून, काटा खांद्याला लावून वळला. ‘‘मग रद्दी तरी हाय का?’’ त्याने विचारलं. नानांनी त्याला हाताने थांबवलं, ट्रंकेतून टेपरेकॉर्डर काढला, गालावर पालथा पंजा दाबून धरत बटण दाबलं आणि खुणेने सांगितलं, रस्त्यावर देतोस तशी आरोळी दे. त्याने दिली. आणखी एकदा, खुणेने. त्याने दिली. तिसऱ्यांदा आरोळीच्या आधी त्याने पैसे मागितले.